चादर उचलून बघा

बाबांना केअर सेंटरमध्ये ठेवलं तेव्हा तिथली एक सोय आम्हा भावंडांना फार आवडली होती. रोज सकाळी नऊच्या सुमारास व्हॉट्सॲपवर बाबांचा फोटो यायचा. केस विंचरलेले, दाढी केलेली, कपाळाला गंध, मागे कुंडीतली जास्वंद. न्यू जर्सीतला भाऊ झोपण्याआधी तो बघायचा, मी डोंबिवली लोकलमध्ये. फोटो नेहमी समोरून काढलेला असायचा. बाबांना जखम झाली ती पाठीमागे, माकडहाडावर. तिथला फोटो कुठलीच संस्था पाठवत नाही.

संस्थेचं नाव मी सांगणार नाही. पुण्याच्या वेशीबाहेर, हवेशीर, स्वच्छ, दारात रांगोळी काढणारी ती जागा होती, आणि चालवणारी माणसं दुष्ट नव्हती. म्हणूनच हे लिहिते आहे. कर्दनकाळ संस्था वर्तमानपत्रात येतात, त्यांच्यापासून लोक आपोआप सावध होतात. चांगल्या दिसणाऱ्या, चांगल्या हेतूच्या संस्थेत काय होऊ शकतं ते कुणी सांगत नाही.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पार्किन्सन्स बरीच वर्षं होता. आई गेल्यावर नर्सिंग ब्युरोच्या माणसांवर घर चालवून पाहिलं. दर पंधरवड्याला माणूस बदले, आणि सणासुदीला कुणीच नसे. शेवटी संस्था निवडली. त्याचा खुलासा मी देत बसणार नाही. आईवडिलांना 'टाकलं' असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी आधी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची महिनाभर रात्रपाळी करून बघावी.

पार्किन्सन्सच्या रुग्णाचा दिवस लेव्होडोपाच्या गोळीवर चालतो. बाबांना ती सकाळी सात, अकरा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सात अशी होती, शक्यतो खाण्याच्या अर्धा तास आधी, कारण दूध-डाळीतली प्रथिनं गोळीच्या आड येतात. गोळी लागू असली की बाबा स्वतः कूस बदलत, पेला धरत, टीव्हीवरच्या क्रिकेटला शिव्या देत. गोळी तासभर लांबली की अंग आखडून जाई, घासही गिळवत नसे. संस्थेत औषधांची फेरी होती ती नऊला, दोनला आणि रात्री नऊला. सगळ्यांची औषधं एकाच ट्रेमध्ये. बाबांच्या चार वेळांच्या आपसूक तीन झाल्या, आणि त्याही नाश्त्याच्या दुधाबरोबर.

गोळी चुकली म्हणून रात्री अंग आखडलं. कूस वळवता येईना म्हणून बाबा हाका मारू लागले. हाकांनी बाकीच्यांची झोप मोडते म्हणून आठवड्याने येणाऱ्या डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली. तिची गुंगी सकाळी उतरेना, म्हणून नाश्ता अर्धा राहू लागला, आणि पाणी तर कुणाच्या लक्षातच येत नव्हतं. वजन घटलं, हाडं वर आली. गुंगीतला माणूस रात्रभर एकाच अंगावर, बहुधा ओल्या डायपरमध्ये. मग माकडहाडावर फोड आला. या सगळ्यात कुणी बाबांना मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, कुणी वाकडं बोललंही नाही. प्रत्येकाने आपापल्या पाळीपुरतं सोयीचं ते केलं. वाईट शुश्रूषा बहुतेक वेळा अशीच घडते, आणि म्हणूनच ती पकडायला अवघड असते.

मला कळलं ते नोव्हेंबरात, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी अचानक गेले तेव्हा. एरवी आम्ही रविवारी चारला जायचो, आणि चारला सगळेच चकाचक असतात. त्या दिवशी खोलीत उदबत्ती लावलेली होती, तरी तिच्या खालून वेगळाच वास येत होता. लातूरकडची एक मुलगी तिथे ड्यूटीला होती. मॅनेजरबाई बाहेर गेल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, आजोबांचं मागचं जरा बघून घ्या. माझं नाव सांगू नका." आम्ही दोघींनी त्यांना कुशीवर वळवलं.

जखमेचं तोंड रुपयाएवढं होतं. हॉस्पिटलात सर्जनने सांगितलं की आत पोकळी बरीच मोठी आहे, मेलेली त्वचा-चरबी कापून काढावी लागेल. बेडसोर बऱ्याचदा असाच वाढतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपलं जातं, रक्त पोचत नाही, आणि आतलं नुकसान वरच्या कातडीवर उशिरा दिसतं.

त्या दिवशी संस्थेतून निघण्यापूर्वी मी बाबांची फाइल मागितली. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद त्यात होती: डावी, उताणे, उजवी, डावी. एकाच पेनने, एकाच अक्षरात. मी फाइल बघत होते तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, आणि दुपारी चारपर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या. मॅनेजरबाईंनी न लाजता सांगितलं, "मुलींना नंतर लिहायला वेळ होत नाही, म्हणून सकाळीच भरून ठेवतात." त्या खोटं बोलत नव्हत्या. वेळ खरंच होत नव्हता.

त्याचा हिशेब मी नंतर घातला. चोवीस माणसं, त्यांतली निम्मी अंथरुणावर. रात्री दोन मावश्या. जड माणसाची कूस बदलायची, डायपर पाहायचा, ओलं असेल तर पुसून कोरडं करायचं, याला दोघींना मिळून दहा मिनिटं तरी लागतात. बारा जणांचे झाले दोन तास. म्हणजे शेवटचा माणूस वळवून होईतो पहिल्याची पाळी आलेली असते. मध्ये कुणी पाणी मागितलं, कुणी उठून पडलं, कुणाला उलटी झाली, किंवा त्या दोघींपैकी एकीला चहा प्यावासा वाटला, तर वेळापत्रक तिथेच संपलं. आणि या मुली दिवसाचे बारा तास उभ्या असतात, त्यांच्या पगारातून ब्युरो आपला वाटा कापून घेतो. त्यांच्यावर ओरडणारे नातेवाईक मी खूप पाहिले. मालकाला रात्रीची माणसं किती, हे विचारणारा एकही पाहिला नाही.

तर पहिला प्रश्न हाच विचारा: रात्री दोन वाजता इथे किती हात जागे असतात, आणि अंथरुणावरची माणसं किती? 'स्टाफ भरपूर आहे', 'आमचा एकूण स्टाफ अठरा' ही उत्तरं नव्हेत. एकूण स्टाफमध्ये स्वयंपाकी, माळी, हिशेबनीस आणि सुट्टीवरचे सगळे धरलेले असतात. उत्तर मिळाल्यावर वरचा हिशेब तिथल्या तिथे मनात घाला. दुसरा प्रश्न: औषधं कोण देतं? महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली परिचारिका प्रत्येक पाळीत आहे, की दिवसा एक सिस्टर आणि रात्री मावश्यांच्या हातात डबी? इन्शुलिन घेणाऱ्या माणसाला याचा फार धोका असतो. इंजेक्शन वेळेवर दिलं आणि जेवण लांबलं तर साखर उतरून माणूस झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो, आणि बघणाऱ्याला तो शांत झोपल्यासारखा वाटतो.

मग जागा बघायला जा. स्वागतकक्ष, देवघर आणि बाग यांना पाच मिनिटं पुरेत. अंथरुणावरची माणसं कुठल्या मजल्यावर आहेत ते पाहा. वरच्या मजल्यावर असतील आणि लिफ्ट बंद असताना स्ट्रेचर जिन्यात वळत नसेल, तर आग लागल्यावर काय, हे विचारा. खिडक्यांना ग्रिल आणि जिन्याच्या दाराला कुलूप बहुतेक ठिकाणी असतं, कारण स्मृतिभ्रंश झालेली माणसं बाहेर निघून जातात. कुलूप समजू शकतं. किल्ली रात्री कुणाच्या कमरेला असते ते माहीत हवं. संडासात कमोडच्या बाजूला धरायला दांडी आहे का, फरशी ओली राहते का, पलंगाची बेल दाबल्यावर कुणी येतं का. बेल स्वतः दाबा आणि घड्याळ बघा. मी दुसऱ्या संस्थांची चौकशी करत हिंडले तेव्हा एका ठिकाणी बेल भिंतीवर होती, वायर कुठेच जोडलेली नव्हती.

आणि हे सगळ्यांत अवघड वाटेल, पण विचाराच: तुम्ही कुणाचे हात बांधता का? नाकातली नळी रुग्णाने उपटू नये म्हणून ओढणीने किंवा बँडेजने हात पलंगाला बांधणं सर्रास चालतं. 'कधीच नाही' म्हणणाऱ्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. 'कधी कधी वेळ येते, तेव्हा डॉक्टरांना विचारतो, घरच्यांना फोन करतो, आधी हातमोजे घालून पाहतो' असं म्हणणारी इनचार्ज सिस्टर मला जास्त खरी वाटली. बाबांना पुढे तिच्याच संस्थेत ठेवलं. जागा जुनी होती, जास्वंद नव्हती, फोटो तर कधीच आले नाहीत.

ठेवल्यानंतर काय बघायचं, ते आता मला पाठ आहे. वेळ न सांगता जा. कधी सकाळी सातला, कधी रात्री जेवणं झाल्यावर. रात्री येऊच देत नसतील तर ती संस्था नको. गेल्यावर चादर उचला. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर, कानांमागे आणि डोक्याची मागची बाजू. लाल डागावर बोट दाबून सोडा. तो पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर रक्त फिरतं आहे, न बदलता तसाच राहिला तर बेडसोरची सुरुवात आहे. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हात लावून बघा: तेवढाच भाग गरम, कडक, किंवा भोवतीपेक्षा काळपट आहे का. असा डाग दिसला तर तो चोळायचा नाही. स्पिरिट-पावडरने चोळायची जुनी पद्धत अजून खूप ठिकाणी आहे, तिने आतलं नुकसान वाढतं. भोकाची रबरी रिंग खाली ठेवायची तीही पद्धत आता सोडलेली आहे. वाऱ्याची गादी घेतली म्हणजे कूस बदलायला नको, असं कुणी सांगितलं तर मानू नका. शिवाय तिचा पंप चालू आहे का ते वाकून बघा. बाबांच्या पलंगाखालच्या प्लगला कुणाचा तरी मोबाइल लावलेला मी स्वतः पाहिला आहे.

एक मात्र संस्थांच्या बाजूने सांगायला हवं. प्रत्येक बेडसोर म्हणजे हयगय नव्हे. शेवटच्या दिवसांत शरीर इतकं थकतं की चांगल्या शुश्रूषेतही कातडी फाटते. पण असं झालं तर ती संस्था तुम्हाला स्वतःहून त्याच दिवशी सांगेल. लपवलं की समजावं.

महिन्याला वजन मागा. चालता येत नसेल तर खुर्चीसकट करता येतं. दर महिन्याला किलो-किलो उतरत असेल तर जेवणाचा फोटो कितीही छान असो, जेवण पोटात जात नाही. नळीने भरवत असतील तर भरवताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास डोक्याकडची बाजू उंच असायला हवी, नाही तर ते अन्न फुप्फुसात जातं. लघवीची पिशवी ओटीपोटाच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. आणि माणूस दोन दिवसांत एकाएकी असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, तर 'वयोमानाने होतं' हे उत्तर घेऊ नका. लघवीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, पोट तुंबणं किंवा नव्याने सुरू केलेली गोळी, या चारांतलं काही ना काही बहुतेकदा निघतं, आणि त्यावर इलाज असतो.

औषधांचा कागद स्वतःकडे ठेवा. नवं औषध सुरू करण्याआधी फोन आलाच पाहिजे, हे करारात लिहून घ्या. झोपेच्या किंवा 'शांत राहण्याच्या' गोळ्यांबद्दल तर नक्कीच. विचारायचं ते असं: ही गोळी कुणाच्या सोयीची आहे, रुग्णाच्या की रात्रपाळीच्या? पार्किन्सन्सवाल्यांनी आणखी एक करा. उलटीवर देतात ते मेटोक्लोप्रमाइड आणि आरडाओरडा थांबवायला देतात ते हॅलोपेरिडॉल, या दोन्ही औषधांनी पार्किन्सन्स बळावतो. आमच्या न्यूरॉलॉजिस्टने 'ही देऊ नयेत' असं लिहून दिलं, ते मी फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात चिकटवलं. तुमच्या डॉक्टरांकडून तसंच लिहून घ्या. गोळ्यांच्या वेळांसाठी मी पलंगापाशी चार गजरांचं स्वस्तातलं घड्याळ ठेवलं. गजर झाला की बाबा स्वतःच ओरडत, "ए, माझी गाडी लागली!" एसटीचा माणूस, वेळापत्रकावर भारी श्रद्धा.

काही बिघडलंच तर आधी भांडू नका, आधी नोंद करा. जखमेचा फोटो तारखेसकट, शेजारी मोजपट्टी ठेवून. फाइलच्या पानांचे फोटो. उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे कागदपत्रं लेखी मागितली तर ७२ तासांत द्यावीत असं वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत आहे. पैसे देऊन घेतलेल्या सेवेतल्या त्रुटीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. तक्रार करण्याआधी माणसाला तिथून हलवा, हे मात्र मी ठामपणे सांगेन. आपलं माणूस ज्यांच्या हातात आहे त्यांच्याशी कज्जा मांडू नये.

कायद्याच्या भरवशावर राहण्यासारखी स्थिती नाही. संस्थेत भिंतीवर चौकटीत लावलेलं प्रमाणपत्र जवळ जाऊन वाचा. रुग्णांवर उपचार करणाऱ्या जागेला महाराष्ट्रात १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते; ती असेल तर महापालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला तिथे तपासणीचा अधिकार असतो. पण बऱ्याच केअर सेंटर्सच्या भिंतीवर नुसता गुमास्ता परवाना किंवा ट्रस्टची नोंदणी असते, म्हणजे दुकान किंवा संस्था म्हणून कागद पुरे आहेत. कुशी बदलतात का, हे बघायला कुणी येणार नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात वृद्धाश्रमांचं कलम आहे ते निराधारांसाठी सरकारने उभारायच्या आश्रमांबद्दल. खासगी संस्थांनाही नोंदणी आणि किमान दर्जा लावणारं दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, समितीकडे गेलं, आणि ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तेही बुडालं.

आणखी एक गोष्ट. बाबांच्या जखमेनंतर मी त्या संस्थेत आरडाओरडा केला. बाबा हॉस्पिटलातून परतून महिनाभर पुन्हा तिथेच होते, दुसरी जागा मिळेपर्यंत. त्या महिन्यात बाबांची कूस घड्याळ लावून बदलली जायची. पण रात्रीच्या मावश्या दोनच होत्या. म्हणजे बाबांना जास्तीचा मिळालेला वेळ कुणाच्या तरी वाट्यातून गेला होता, आणि कुणाच्या, तेही दिसत होतं: शेजारच्या पलंगावरचे निवृत्त पोस्टमास्तर, ज्यांचा मुलगा पैसे वेळेवर पाठवायचा आणि फोन करायचा नाही. अशा संस्थांत ज्याचं माणूस येतं त्याला सेवा मिळते, ज्याचं येत नाही त्याला उरलेली मिळते.

म्हणून दुसऱ्या संस्थेत मी एकटीने काही मागितलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांचे नंबर घेतले, ग्रुप केला, आणि सगळ्यांनी मिळून रात्रीची तिसरी मावशी मागितली. सिस्टरने खर्च मांडून दाखवला, प्रत्येकाच्या माथी महिन्याला थोडे पैसे वाढले. दोघांनी कुरकुर केली, मग तेही तयार झाले. तिथे बाबांची जखम भरायला बरेच महिने लागले, पण भरली, आणि त्यानंतर त्यांना बेडसोर झाला नाही.

तुम्ही भेटायला जाल तेव्हा आपल्या माणसाची पाठ पाहून झाल्यावर शेजारच्या पलंगावरच्यांनाही नावानं हाक मारा, पाणी हवं का विचारा, आणि काही खटकलं तर त्यांच्या वतीनेही इनचार्जला सांगा. तिथे कुणी ऐकलं नाही तर १४५६७ वर फोन करा. त्यासाठी तुम्ही त्यांचे कुणी लागत असायला हवं असं नाही.